संघाचा धनी कोण?

साठी उलटलेल्या, उभा जन्म मुलांकडून रामः रामौ रामाः घोकून घेतलेल्या मास्तरानें क्रिकेटाच्या बाजारावर लेखणी उचलावी, हें पाहून कित्येक वाचक कपाळास आठ्या घालतील, हें आम्ही जाणून आहों. तथापि ज्या प्रा. दि. ब. देवधरांनीं महाराष्ट्राच्या संघाला १९३९-४० आणि १९४०-४१ अशीं लागोपाठ दोन वर्षें रणजी करंडक मिळवून दिला, ते पुण्याच्या स. प. महाविद्यालयांत संस्कृतच शिकवीत असत, एवढें स्मरण करून दिलें म्हणजे आमच्या धाडसाला थोडा तरी आधार सांपडेल. शिवाय आज जो विषय आम्ही मांडणार आहों तो दिसावयास खेळाचा असला, तरी त्याच्या तळाशीं एक जुनाच प्रश्न आहे. एखाद्या वस्तूवर ज्याचे पैसे लागले आहेत तिचा धनी तो, कीं जिच्यावर ज्याचा जीव जडला आहे तिचा धनी तो?

आमचें गांव इस्लापूर. नांदेड जिल्ह्याच्या किनवट तालुक्यांत, पैनगंगेवरील सहस्रकुंडाच्या धबधब्यापासून जवळच तें वसलें आहे. येथून हैदराबाद जवळ आणि मुंबई फार दूर. आठवड्याच्या बाजारांत मराठीबरोबर तेलुगु आणि बंजारा बोलीहि कानीं पडते. साहजिकच चैत्र-वैशाखांत क्रिकेटचे सामने सुरू झाले कीं चहाच्या टपरीवर दोन तट पडतात. निम्मे हैदराबादचे, निम्मे मुंबईचे. आम्ही मुंबईचे. याचें कारण शोधूं गेल्यास तें आमच्या बालपणांत सांपडतें. शेजारच्यांच्या ट्रान्झिस्टरला कान लावून बाळ ज. पंडित यांचें मराठी धावतें समालोचन ऐकत आम्ही मोठे झालों. आधीं गावसकर, मागाहून तेंडुलकर, असें करतां करतां मुंबईच्या मैदानावर आमचा जीव जडला तो जडलाच. २००८ सालीं आयपीएल ही साखळी स्पर्धा निघाली आणि सचिन मुंबईकडून खेळणार असें कळलें, तेव्हां आम्हीं निराळा विचारच केला नाहीं. या आमच्या प्रेमाची नोंद कोणत्याहि वहींत नाहीं, त्याची पावती कोणीं दिली नाहीं. पण सोळा वर्षें घरांतल्या देवघराच्या वेळा सांभाळून जें आम्हीं पाळलें, तें व्रत नव्हतें असें कोण म्हणेल?

त्या व्रताला २०२३ च्या मार्गशीर्षांत धक्का बसला. १५ डिसेंबरचा दिवस होता. आमचा नातू, वय वर्षें अकरा, बाहेरून धांवत आला आणि उंबऱ्यावरूनच ओरडला, "आजोबा, रोहितला काढलं! हार्दिक कॅप्टन!" आम्ही संध्येला बसणार होतों. हातांतली पळी तशीच राहिली.

ज्या वाचकांस या प्रकरणाची माहिती नसेल, त्यांच्यासाठीं थोडें विस्तारानें सांगणें अवश्य आहे. या स्पर्धेंत संघ ही मालमत्ता आहे. २००८ सालीं आठ संघांचा लिलाव झाला, त्यांत मुंबईचा संघ रिलायन्स उद्योगसमूहानें ११ कोटी १९ लक्ष डॉलरांस घेतला. तो सर्वांत महाग ठरला. खेळाडूहि लिलावांतच घेतले जातात. प्रत्येक संघाला खेळाडूंवर खर्च करण्यासाठीं ठराविक रकमेची थैली असते. २०२४ च्या हंगामापुरती ती १०० कोटी रुपयांची होती. हंगाम संपला म्हणजे अदलाबदलीचा काळ सुरू होतो. एका संघानें आपला गडी दुसऱ्यास द्यावा, मोबदल्यांत दुसरा गडी घ्यावा किंवा रोख रक्कम घ्यावी. खेळाडूची संमति मात्र लागते. हार्दिक पंड्या हा मूळ मुंबईच्याच संघांत वाढलेला. २०१५ सालीं अवघ्या १० लक्ष रुपयांस तो मुंबईला मिळाला होता. २०२२ सालीं तो नव्या गुजरात संघाचा कर्णधार झाला व पहिल्याच वर्षीं त्यानें करंडक जिंकला. दुसऱ्या वर्षीं तो अंतिम सामन्यापर्यंत पोंचला. अशा गड्याला मुंबईच्या मालकांनीं २०२३ च्या नोव्हेंबरांत परत आणलें. त्याच्या १५ कोटींसाठीं थैलींत जागा हवी, म्हणून १७ कोटी ५० लक्षांचा कॅमेरून ग्रीन बंगळूरकडे धाडला. आणि तीन आठवडे उलटत नाहींत तोंच ज्याच्या नेतृत्वाखालीं २०१३, २०१५, २०१७, २०१९ आणि २०२० असे पांच करंडक आले, त्या रोहित शर्माच्या हातून नेतृत्व काढून हार्दिकच्या हातीं दिलें.

आमच्या घरीं त्या रात्रीं मोठा वाद झाला. आमचे चिरंजीव व्यापारी वृत्तीचे. ते म्हणाले, "बाबा, मालकाचा पैसा आहे. २०२० नंतर एकहि करंडक नाहीं. २०२२ सालीं तर संघ अगदीं तळाला गेला. रोहित छत्तीस वर्षांचा, हार्दिक तीस वर्षांचा. कोणताहि शहाणा दुकानदार हेंच करील." हिशेब चुकीचा नव्हता हें आम्ही आज कबूल करतों. त्या रात्रीं मात्र कबूल केलें नाहीं. आम्ही म्हणालों, "दुकानांतला माल आणि देवळांतली मूर्ति यांत कांहीं भेद आहे कीं नाहीं?" यावर सौभाग्यवतींनीं, मूर्ति कोणती आणि माल कोणता हें ठरवून दोघांनींहि आधीं जेवून घ्यावें, असा निकाल दिला.

पुढें कांहीं दिवस आम्ही या प्रश्नाचा शांतपणें विचार केला. पहिली गोष्ट ध्यानांत आली ती ही कीं, खेळाला धनी असणें नवें नाहीं. होळकर दरबारनें सी. के. नायडू यांना इंदुरास आणून आपल्या सैन्यांत मानाचा हुद्दा दिला आणि त्यांच्याभोंवतीं असा संघ उभा केला कीं, १९४५-४६ ते १९५२-५३ या आठ हंगामांत त्यानें चार वेळां रणजी करंडक नेला. तो पैसाहि धन्याचाच होता. मात्र राजाश्रयाची दुसरी बाजूहि आहे. १९४८ च्या डिसेंबरांत पुण्यास काठेवाडाविरुद्ध भाऊसाहेब निंबाळकर ४४३ धावांवर नाबाद होते. ब्रॅडमनच्या ४५२ या त्या वेळच्या जागतिक उच्चांकास अवघ्या नऊ धावा कमी. काठेवाडाचे कर्णधार राजकोटचे ठाकूरसाहेब. आपल्या संघाच्या नांवावर ही नामुष्की नको म्हणून त्यांनीं, डाव सोडा नाहीं तर आम्ही निघतों, असें बजावलें आणि खरोखरच संघ घेऊन ते निघून गेले. सामना महाराष्ट्राला मिळाला. उच्चांक मात्र कोणालाच मिळाला नाहीं. धनी मैदानावरून उठला कीं खेळ थांबतो, हा धडा आमच्या पिढीच्याहि आधींचा आहे.

दूरदेशींची गोष्टहि हेंच सांगते. अमेरिकेंत बेसबॉल नांवाचा चेंडूफळीचा खेळ आहे. तेथील बॉस्टनच्या संघानें १९१८ सालीं अजिंक्यपद मिळविलें. संघाचा मालक नाटकें काढणारा होता, त्याला पैशाची नड होती. त्यानें बेब रूथ नांवाचा आपला अद्वितीय गडी १ लक्ष डॉलरांस न्यूयॉर्कच्या संघाला विकून टाकला. १९२० च्या जानेवारींत ही वार्ता जाहीर झाली. त्यानंतर बॉस्टनला पुन्हां अजिंक्यपद पाहावयास २००४ साल उजाडावें लागलें. मध्यें शहाऐंशी वर्षें गेलीं. मालक बदलले, खेळाडू बदलले, पण शहरानें संघ सोडला नाहीं. त्याच देशांत ग्रीन बे नांवाच्या लहानशा शहराचा फुटबॉलचा संघ १९२३ पासून लोकांनीं भाग घेऊन चालविला आहे. त्या भागांवर कोणास नफा मिळत नाहीं. तो संघ मात्र गांव सोडून गेलेला नाहीं.

आणि पुण्याची गोष्ट तर आपल्या घरचीच. पुण्याच्या नांवाचा एक संघ २०११ सालीं निघाला आणि २०१३ सालीं मालकानेंच हात काढून घेतल्यानें बुडाला. दुसरा २०१६ सालीं निघाला. त्यानें दुसऱ्या वर्षीं धोनीचें नेतृत्व काढून स्टीव्ह स्मिथला दिलें, अंतिम सामना गांठला आणि २१ मे २०१७ रोजीं मुंबईकडून एका धावेनें तो हरला. त्यानंतर त्या संघाची दोन वर्षांची मुदतच संपली. आम्हीं त्या रात्रीं मुंबईच्या विजयानें पेढे वांटले. पुण्याच्या ज्या पोरानें त्या संघाचा जांभळा सदरा हौसेनें विकत घेतला असेल, त्यानें दुसऱ्या वर्षीं तो कोणासाठीं घालावा, हा विचार तेव्हां आमच्या मनास शिवला नाहीं.

खरें पाहतां अदलाबदल हा शब्द आम्हां इस्लापूरकरांस परका वाटूं नये. हैदराबाद राज्यांत आमचें इस्लापूर मंडळ आदिलाबाद जिल्ह्याच्या बोथ तालुक्यांत मोडत असे. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं राज्यपुनर्रचना झाली. तींत इस्लापूर मंडळ, किनवट तालुका आणि राजुरा तालुका मुंबई राज्याकडे आले, आणि नांदेड जिल्ह्याचीं मुधोळ, भैंसा वगैरे मंडळें पलीकडे गेलीं. एका रेघेनें गांवेंच्या गांवें या संघांतून त्या संघांत गेलीं! त्या वेळीं आमचा जन्म झालेला नव्हता. वडील सांगत कीं, कचेरी बदलली, जिल्ह्याचें ठिकाण बदललें, पण लोकांनीं तें मानलें. कारण विभागणीचें तत्त्व भाषा हें होतें, आणि तें सर्वांस ठाऊक होतें. भैंशाकडील मराठी घरांस तें कितपत पटलें असेल हा प्रश्न निराळा. परंतु तत्त्व सांगितलें गेलें होतें. यावरून आमच्या मनाशीं असें ठरलें कीं, धन्याला बदल करण्याचा अधिकार आहे, पण ज्यांचा जीव जडला आहे त्यांस कारण कळेल अशा रीतीनें तो बदल करण्याचें ऋणहि त्याच्यावर आहे. येथपर्यंत आमचा विचार बरा चालला होता. पुढें आमची फजिती झाली ती अशी.

२४ मार्च २०२४. होळी पौर्णिमा. योगायोग असा कीं, त्याच रात्रीं अहमदाबादेस गुजरात आणि मुंबई यांचा सामना. इकडे गल्लींत पोरें होळीभोंवतीं बोंब ठोकीत होतीं, आणि तिकडे दूरदर्शनसंचावर हजारों लोक हार्दिकच्या नांवानें हुर्यो उडवीत होते. गुजरातच्या लोकांचा राग आपला गडी गेला म्हणून. मुंबईच्या लोकांचा राग आपला कर्णधार गेला म्हणून. मुंबई ६ धावांनीं हरली. पुढें १ एप्रिलला वानखेडे मैदानावर, मुंबईच्या घरच्या अंगणांत, नाणेफेकीला तोच प्रकार. समालोचक संजय मांजरेकर यांना लोकांस नीट वागा म्हणून सांगावें लागलें. आणि सांगावयास लाज वाटते, पण सत्य लपविण्यांत अर्थ नाहीं. त्या रात्रीं इस्लापुरांतल्या आमच्या माजघरांत, पायांवर घोंगडी घेऊन बसलेल्या आम्हींहि "हुर्यो!" म्हणून आवाज काढला. नातवानें आनंदानें टाळी वाजविली. इतक्यांत पडद्यावर सीमारेषेजवळ उभा असलेला रोहित दिसला. तो हातानें लोकांस, थांबा, असें खुणावीत होता.

नातू गप्प झाला. मग त्यानें आम्हांस विचारलें, "आजोबा, हार्दिकनं स्वतःला कॅप्टन केलं का?"

"नाहीं रे. मालकांनीं केलं."

"मग आपण मालकांना का नाही ओरडत?"

याचें उत्तर आम्हांपाशीं नव्हतें. म्हणजे होतें, पण तें फार वर्षांपूर्वीं आमच्याच अंगावर घडून गेलें होतें आणि तें आम्हीं कधीं कोणास सांगितलें नव्हतें.

आम्ही एका खासगी संस्थेच्या शाळेंत शिक्षक होतों. संस्थेचें व गांवाचें नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं. त्या संस्थेच्या दुसऱ्या एका शाळेवर एक गुरुजी नऊ वर्षें प्रभारी मुख्याध्यापक होते. आमच्याहून वयानें व सेवेनें ज्येष्ठ. भिंती त्यांनीं गांवकऱ्यांकडून वर्गणी काढून उभारलेल्या, अंगणांतले लिंब त्यांनीं लावलेले. एके वर्षीं जून महिन्यांत चालकांनीं आम्हांस बोलावून सांगितलें, "उद्यांपासून तिथला कारभार तुम्ही पाहा." गुरुजींनीं त्याच शाळेंत सहशिक्षक म्हणून राहावयाचें होतें. कारण विचारण्याची आमची छाती झाली नाहीं. आणि आणखी एक गोष्ट आज प्रथमच लिहितों. आम्हांस नकार देतां आला असता, पण तो आम्हीं दिला नाहीं. वय चाळिशीचें होतें, आणि दारावर आपल्या नांवाची पाटी लागणार याचा मोह पडला होता.

पहिल्या दिवशीं प्रार्थनेला आम्ही ओट्यावर उभे राहिलों. मागच्या रांगेंतून कोणी खोंकलें. मग दुसरा खोंकला. बघतां बघतां सारी शाळा खोंकूं लागली. कुंपणापलीकडे चार गांवकरी उभे होते, ते हंसले. आमचे पाय लटपटूं लागले. तेव्हां शिक्षकांच्या रांगेंतून गुरुजी पुढें आले. त्यांनीं खिशांतून कार्यालयाच्या किल्ल्यांचा जुडगा काढून सर्वांदेखत आमच्या हातांत ठेवला आणि मुलांकडे वळून एवढेंच म्हणाले, "हे आतां आपले मुख्याध्यापक. प्रार्थना सुरू करा." मग ते आपल्या जागीं, रांगेच्या शेवटीं जाऊन उभे राहिले. खोंकला थांबला तो कायमचा. पुढें पांच वर्षें आम्हीं त्यांच्याबरोबर काम केलें. त्यांनीं कधीं उणा शब्द काढला नाहीं. आणि आम्हीं कधीं त्यांचे आभार मानले नाहींत. आभार मानावे तर त्यांच्यावर अन्याय झाला हें तोंडानें कबूल करावें लागलें असतें.

ज्या चालकांनीं हें सारें घडविलें, त्यांच्यासमोर एकहि मूल खोंकलें नाहीं. ते त्या दिवशीं शाळेकडे फिरकलेच नव्हते. आज्ञा करणारा दूर असतो, पाळणारा समोर असतो, म्हणून हुर्यो समोरच्याच्या वांट्यास येते. नातवाच्या प्रश्नाचें उत्तर हेंच होतें. तें आम्हीं त्यास दुसऱ्या दिवशीं सकाळीं सांगितलें. हार्दिकनेंहि संमति दिली होती, तेव्हां तो सर्वस्वीं निर्दोष असें आम्ही म्हणत नाहीं. मोह कोणास सुटला आहे? परंतु मोहाला जी शिक्षा असावी ती हजारोंच्या कंठांतून रोज रात्रीं मिळूं नये, एवढें आम्ही अनुभवावरून म्हणूं शकतों.

त्या हंगामांत मुंबईचा संघ चौदांपैकीं चार सामने जिंकून शेवटच्या, दहाव्या क्रमांकावर राहिला. मालकांचा हिशेब त्या वर्षापुरता तरी चुकला. आणि नंतर २९ जून २०२४ रोजीं बार्बाडोस बेटावर विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. कर्णधार रोहित. दक्षिण आफ्रिकेस शेवटच्या षटकांत १६ धावा हव्या, आणि चेंडू हार्दिकच्या हातांत. सूर्यकुमारनें सीमारेषेवर घेतलेला तो झेल सर्वांच्या स्मरणांत आहे. भारत ७ धावांनीं जिंकला. हार्दिक रडत होता. तो मुलाखत देत असतां रोहितनें येऊन त्याच्या गालाचें चुंबन घेतलें. ४ जुलैला वानखेडेवर तीच मुंबई त्याच हार्दिकच्या नांवाचा जयघोष करीत होती. नातू म्हणाला, "आजोबा, हे लोक तेच का?" आम्ही म्हणालों, "तेच रे, आणि त्यांत आपणहि."

संस्कृतांत न्यास म्हणून एक शब्द आहे. त्याचा अर्थ विश्वासानें सोंपविलेली ठेव. भासाच्या नाटकांत यौगंधरायण वासवदत्तेला पद्मावतीपाशीं न्यास म्हणून ठेवतो आणि पद्मावती तिला दासीसारखी न वागवतां जपते. आज विश्वस्त संस्थेलाहि आपण न्यास म्हणतों. आमच्या मतें संघ हा असा न्यास आहे. त्याची किंमत मालकानें मोजली आहे, पण त्याच्या नांवांत जो लोकांचा जीव सांठला आहे तो कोणत्याहि लिलावांत पुकारला गेलेला नाहीं. तो मालकाकडे केवळ ठेव म्हणून आहे. गडी बदलावे, कर्णधार बदलावा, पण ठेव आपल्यापाशीं आहे ही जाणीव ठेवून. आणि आम्हां प्रेक्षकांपाशींहि एक ठेव आहे, ती म्हणजे मैदानावर उभ्या असलेल्या माणसाचा मान. ती आम्हीं त्या होळीपासून पुढें महिनाभर उधळली.

त्या वर्षीं दसऱ्याला आम्ही बसनें त्या जुन्या गांवीं गेलों. गुरुजी आतां ऐंशीच्या घरांत आहेत. ओसरीवर बसले होते. आम्हीं त्यांच्या हातांत आपट्याचीं पानें ठेवलीं, पायांवर डोकें ठेवलें आणि जें वीस वर्षांपूर्वीं म्हणावयास हवें होतें तें कसेंबसें म्हणालों. त्यांनीं तें ऐकून घेतलें. कांहीं वेळ बोलले नाहींत. मग विचारलें, "सर, लिंबं आहेत का अजून शाळेच्या अंगणात? मला आता तिकडवर जाववत नाही."

आम्ही परत येतांना वांकडी वाट करून शाळेवर गेलों आणि पाहून आलों. चार आहेत. तसें त्यांना फोनवर कळविलें.